पायपेटीवाले काका, दुप्पट पगार आणि ता.क.

या वेळचं पत्र: लिहिणारा ३३ वर्षांचा आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या एका टीव्ही वाहिनीत सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर प्रोमो प्रोड्युसर. (नाव, गाव, वाहिनी सगळं गाळलंय, ओळखायच्या भानगडीत पडू नका.) शेतीचा फोन-इन, आरोग्याचा कार्यक्रम, ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती, अशांचे तीस-तीस सेकंदांचे प्रोमो तो बनवतो. कॉलेजातला मित्र एका खाजगी मराठी चॅनेलात मालिकांचे प्रोमो करतो, त्याच्या ओळखीने तिकडून ऑफर आलीये, पगार जवळजवळ दुप्पट. आईवडील म्हणतात सरकारी सोडू नकोस, बायको म्हणते तुला नक्की काय हवंय ते एकदाचं ठरव. तो लिहितो, "ताई, आमचं कोणी बघतच नाही. सोयाबीनवर किडीचा प्रोमो करून कोणाला दाखवू? शोरील (निवडक कामाची फिल्म) पाठवायलाही लाज वाटते. सहा वर्षं वाया गेली." आणि शेवटी ता.क. म्हणून चार ओळी: मागच्या महिन्यात संगीत नाटकांना पायपेटीची साथ करणाऱ्या एका वृद्ध कलाकाराच्या मुलाखतीचा प्रोमो त्याने केला. "सरकारने कलावंतांना काय दिलं?" या प्रश्नानंतर काका डोळे पुसताना दिसतात. सोशल मीडियावर तुफान चालला, साहेबांनी मीटिंगमध्ये नाव घेऊन कौतुक केलं. मग काकांच्या सुनेचा फोन आला, की बाबा रडले नव्हते हो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि लाईट डोळ्यावर येत होता. "पण हे जाऊ दे," असं म्हणून पत्र संपवलंय.

अरे मित्रा,

वयाने बराच लहान आहेस म्हणून सरळ अरेतुरे करते. मी स्वतः नऊ वर्षं प्रोमोच्याच खात्यात काढलीयेत, खाजगी चॅनेलात, म्हणजे तू जिथे जायचं म्हणतोयस तिथून मी बाहेर पडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा कल कुठे झुकतो ते धरून तुला वाचता येईल.

ता.क.वर शेवटी येऊ. तू जाऊ दे म्हणालास तरी मी जाऊ देणार नाहीये.

आधी "कोणी बघत नाही" हे वाक्य घेऊ, पत्रात ते पाच वेळा आलंय, मी मोजलं. हे "कोणी" म्हणजे कोण रे? तुझे कॉलेजचे मित्र, सोसायटीतले लोक, बायकोच्या ऑफिसातले, आणि खरं सांगायचं तर तू स्वतः. आपण ज्यांच्याबरोबर चहा पितो ते बघत नाहीत म्हणजे कोणीच बघत नाही असं धरून आपण मोकळे होतो. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे भरावे लागत नाहीत, एकदा छत्री आणि डबा घेतला की झालं, आणि देशात चार कोटींच्या वर घरांत ती आहे. आता त्या सगळ्या घरांत तुमचाच फोन-इन लावून बसलेत असं मी म्हणत नाहीये, अशी थाप तूही इंटरव्ह्यूत मारू नकोस. पण रेटिंग म्हणतोस ते ठराविक घरांतल्या मीटरवरून काढतात, जाहिरातींचे भाव ठरवायला. बुलढाण्याच्या कोणा माणसाला फवारणीचं बरोबर उत्तर मिळालं की नाही हे त्या मीटरला कळतच नाही. सार्वजनिक प्रसारणाचं काम काय, हे आपल्याकडे १९९० च्या प्रसार भारती कायद्यात लिहून ठेवलंय, लोकांना माहिती द्या, शिकवा, मनोरंजन करा आणि शेती, ग्रामीण विकास, आरोग्य, पर्यावरण वगैरेंकडे खास लक्ष द्या. तू पट्टी मालिकेची घेतोस आणि मोजतोस फोन-इन, मग तो आखूडच भरणार ना.

एक वही कर. दर आठवड्याला किती फोन आले, कुठल्या तालुक्यातून आले, काय विचारलं, हे फोन घेणाऱ्या पोरांकडून घेऊन लिहून ठेव. तीन महिने. नोकरी सोडलीस तरी ती वही तुझ्या कामाची आहे, का ते पुढे सांगते.

आणि लोक बघत नाहीत की लोकांना कधी काय लागतं ते माहीत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मार्च २०२० आठव. लॉकडाऊन लागलं आणि २८ तारखेला दूरदर्शनने १९८७ सालचं रामायण परत लावलं, आदल्या दिवशी घोषणा, दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला सुरू. माझ्या ओळखीतली, वर्षानुवर्षं "आम्ही नाही बाई दूरदर्शन बघत" म्हणणारी माणसं ग्रुपवर विचारत होती की डीडी नॅशनल आपल्या डब्यावर कितव्या नंबरला येतं. चॅनेल होतं तिथेच होतं. नंबर माहीत नव्हता. ही जी मधली दरी आहे ना, तेच तुझं काम आहे.

तुमच्याकडे प्रोमोला कोणी विचारत नाही, सगळ्यात शेवटी रशेस (कच्चं शूटिंग) मिळतात, क्रेडिट नाही, या रागाबद्दल. राग खरा आहे. पण त्यामागे जुनी सवय आहे, तुझ्यावरचा कोणाचा आकस नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं घरात फक्त दूरदर्शन, प्रोमो लावायचा कोणाविरुद्ध? निवेदिका यायच्या, हसून सांगायच्या आता अमुक पाहू या, आणि लोक पाहायचे. 'साप्ताहिकी' म्हणून कार्यक्रम लागायचा, येत्या आठवड्यात काय काय आहे ते सांगणारा, आमच्याकडे रविवारचा सिनेमा कुठला हे कळायला आख्खं घर त्याच्यासमोर बसायचं. म्हणजे अख्खा प्रोमोच, आणि त्यालाच प्रेक्षक! मग १९९२ ला झी आलं, १९९९ ला अल्फा मराठी, पुढच्याच वर्षी ईटीव्ही मराठी, लोकांच्या हातात रिमोट आला आणि "थांबा, जाऊ नका" म्हणायचा एक वेगळा धंदाच उभा राहिला. खाजगी चॅनेलं जन्मलीच या धंद्यासकट, सार्वजनिक वाहिन्यांना तो नंतर शिकावा लागला. तुमच्याकडे जो माणूस कार्यक्रम करतो त्याला अजून मनातून वाटतं की चांगलं केलंय तर लोक येतील की. त्याच्यावर चिडून काही होत नाही, शूटच्या दिवशीच त्याच्याकडे जाऊन "मला फक्त दोन मिनिटं द्या, प्रोमोसाठी एक शॉट वेगळा घेतो" म्हणालास तर होतं. करून बघ. दहातले चार हो म्हणतील.

आता सोयाबीन. पत्रातलं मला सगळ्यात न पटलेलं हे, की विषयच कंटाळवाणा आहे तर मी काय करणार. तू पाठवलेला प्रोमो मी बघितला. गोल फिरणारा लोगो, मग हिरव्या शेताचा ड्रोन शॉट, मग तज्ज्ञ खुर्चीत बसलेत, मग स्टुडिओचा वाइड, व्हीओ (मागचा आवाज) म्हणतो "शेतकरी बांधवांनो, पाहायला विसरू नका", आणि वेळेची प्लेट शेवटी दीड सेकंद. तीस सेकंद म्हणजे आपल्याकडे साडेसातशे फ्रेम्स. त्यातल्या पहिल्या दोनशे फ्रेम्समध्ये तू एकही गोष्ट सांगितली नाहीस जी त्या माणसाला आधी माहीत नव्हती. शेत हिरवं असतं हे त्याला ठाऊक आहे.

त्याच एपिसोडमध्ये एक फोन आहे बघ, बाईंचा, "साहेब, पावसानं उघडीप दिली आणि दोन दिवसांत पानं पिवळी पडली, औषध मारू का नको मारू?" हा आवाज काळ्या स्क्रीनवर लाव. म्युझिक नको. मग पिवळ्या पानाचा एक क्लोजअप, जवळून, शिरा दिसतील इतका. तज्ज्ञ श्वास घेऊन बोलायला तोंड उघडतात, तिथे कट. उत्तर देऊ नकोस! वार, वेळ, आणि फोन नंबर पाच सेकंद स्थिर, मोठ्या अक्षरात, मागे काही हलतंय असं नको, कारण तो नंबर कोणीतरी हातावर नाहीतर कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेणार आहे. तिने विचारलंय ते ज्याच्या ज्याच्या शेतात झालंय तो उठून जाणार नाही. मालिकेत नायिकेच्या हातात विषाचा पेला दाखवून आम्ही जो हुक घालायचो तो हाच आहे, फरक एवढाच की इथे पेला खरा आहे.

साहेब म्हणतील लोगो आधी पाहिजे, उद्घाटनाचा शॉट पाहिजे. भांडू नकोस, दोन व्हर्जन दे. एक त्यांचं, एक तुझं, आणि तुझं दहा सेकंदांचं कर, "हे फिलर म्हणून वापरता येईल" असं म्हण. दहा सेकंदांची भोकं रोज सगळ्याच वाहिन्यांच्या क्यू शीटमध्ये (कधी काय लागणार त्या यादीत) पडतात आणि भोक बुजवणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, असेच माझे अर्धे चांगले प्रोमो ऑन एअर गेलेत.

खाजगीबद्दल तुझी कल्पना अशी दिसते की तिकडे क्रिएटिव्ह फ्रीडम असतं. कोणी सांगितलं तुला, मित्राने का? त्याला विचार गुरुवारी त्याच्या ऑफिसात काय वातावरण असतं, आठवड्याच्या रेटिंगचे आकडे येतात त्या दिवशी. माझ्याकडे एकदा महाएपिसोडचा प्रोमो होता, रात्री साडेअकराला फोन आला की ट्रॅक बदलला, लग्न मोडणार होतं ते आता होणार, सकाळच्या ब्रेकला नवा प्रोमो हवा. सीन शूटच झालेला नव्हता. जुन्या हळदीच्या फुटेजवरून लग्न लावलं मी त्या रात्री. अकरा व्हर्जन्स. बाराव्याला साडेतीन वाजता "पहिलंच बरं होतं" असा मेसेज. हे भीती घालायला सांगत नाहीये, मजाही यायची, त्या नऊ वर्षांत हात असा बसला की आजही कुठलंही फुटेज बघितलं की कट दिसतात. वेग शिकायचा असेल, पैसे हवे असतील, आणि आपल्या बरोबरीच्या वीस जणांत काम करायचं असेल तर ती जागा चांगलीच आहे. तू केंद्रात एकटा प्रोमोवाला आहेस, तुझं काम बघून "हा कट दोन फ्रेम उशिरा आहे" म्हणणारं कोणी नाही, सहा वर्षं असं राहणं हे मला कमी पगारापेक्षा जास्त नुकसानीचं वाटतं. जायचं तर त्यासाठी जा. फ्रीडमसाठी जाशील तर सहा महिन्यांत परत पत्र लिहिशील.

पैशाचं पटकन. आईबाबांना एकदा नीट बसवून सांग की हे सरकारी नाहीये, कॉन्ट्रॅक्ट आहे, सही दर वर्षी नवी होते. ते ज्या सुरक्षेच्या जोरावर तुला थांबवतायत ती मुळात तुझ्याकडे नाही. आणि तूही "दुप्पट" आकडा तसाच घेऊ नकोस. तिकडे पगार म्हणून देणार की प्रोफेशनल फी म्हणून, फी असेल तर १० टक्के टीडीएस कापून हातात किती, पीएफ आहे का, मेडिक्लेम कोणाचा, नोटीस पिरियड किती, रात्री दोनला घरी जायला गाडी देतात का. हे सगळं मेलवर लेखी माग. तोंडी "हो हो असतं सगळं" म्हणणारा एचआर मी पाहिलाय, सहाव्या महिन्यात तो स्वतःच दुसरीकडे गेलेला असतो. तुझ्या आत्ताच्या करारात बाहेरचं काम करायला परवानगी आहे का तेही बघ, असेल तर राजीनाम्याआधी दोन-तीन प्रोमो फ्रीलान्स करून बघता येतील, पाण्यात पाय घालून बघावं, एकदम उडी कशाला.

शोरीलची लाज. तुझ्यासारखी बरीच पत्रं येतात, कोणी नगरपालिकेच्या फिल्म करतो, कोणी विद्यापीठाच्या, सगळ्यांना हेच वाटतं की आपलं काम "तसलं" आहे. सगळ्यांनाच सांगते. शोरील ९० सेकंदांच्या वर नको, आणि त्यात सगळ्यात चमकदार शॉट्स भरायचे नसतात, ज्यात तू काहीतरी ठरवलंयस ते भरायचं. पिवळ्या पानाचा तो दहा सेकंदांचा प्रोमो झाला की तो पहिला लाव आणि खाली एक ओळ टाक, प्रोमोआधी आठवड्याला इतके फोन, नंतर इतके. ती वही यासाठी. मालिकांच्या प्रोमोवाल्या पन्नास पोरांची शोरील्स एकसारखी असतात, धडाम म्युझिक आणि वळून बघणारी सासू, त्यात तुझं पान दिसलं की बघणारा थांबेल, मी तरी थांबले असते. एक काळजी मात्र घे, नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर, आपल्या कायद्याने बहुतेक वेळा मालकाचा असतो. त्यामुळे शोरीलमध्ये वापरायची परवानगी आत्ताच, संबंध गोड असताना, एका ओळीच्या मेलवर मागून ठेव. सोडून गेल्यावर कोणी देत नाही. आणि जो प्रोमो अजून ऑन एअर गेला नाही तो तर कुठेच टाकायचा नाही.

तर आता ता.क.

तुझं पत्र मी दुसऱ्यांदा खालून वर वाचलं आणि मला ते वेगळंच पत्र वाटलं. सहा वर्षं कुरकुरत का होईना तू तिथे टिकलास, ऑफर यापूर्वीही एक आली होती असं तूच लिहितोस, तेव्हा गेला नाहीस. आत्ताच एवढी घाई का? महिन्याभरापूर्वी तुझा पहिल्यांदा एक प्रोमो "चालला", सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि तो खोटा होता. तुला माहीत होतं. सुनेचा फोन यायच्या आधीपासून माहीत होतं, कारण डोळे पुसण्याचा शॉट आणि तो प्रश्न यांच्यात वीस मिनिटांचं अंतर असल्याचं तू स्वतःच लिहिलंयस, टाइमलाइनवर ते अंतर तूच तर पुसलंस. मग मनात असं येतं की जिथे असंच करायचं असतं तिथेच जावं, निदान पैसे तरी मिळतील. मी चुकत असेन तर सांग.

तुला वाटेल दहा सेकंदांच्या क्लिपचं काय एवढं. २००७ च्या जुलैत बीबीसीने ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीवरच्या एका डॉक्युमेंटरीची झलक पत्रकारांना दाखवली. फोटोसेशनमध्ये राणीला मुकुट काढायला सांगतात आणि पुढच्या शॉटला ती वैतागून तरातरा चाललेली दिसते. प्रत्यक्षात तो चालतानाचा शॉट फोटोसेशनला जातानाचा, आधीचा होता, नंतरचा नाहीच. बाहेरच्या निर्मात्या कंपनीने तो क्रम फिरवला होता. बीबीसीने माफी मागितली, चौकशी बसली, आणि ऑक्टोबरात बीबीसी वनच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. भांडण झालं ते आख्ख्या डॉक्युमेंटरीवरून नाही, फक्त झलकेवरून. राणीला निदान माफी मिळाली रे, तिच्यासाठी बोलणारं ऑफिस होतं. पायपेटीवाल्या काकांसाठी बोलायला सून आहे आणि तिच्याकडे तुमच्या केंद्राचा लँडलाईन नंबर.

हे खाजगीत गेलं की प्रश्नच राहणार नाही असं नको समजूस. मालिकेत मी न झालेलं लग्न लावलं, चाललं, कारण ती माणसं मुळात नव्हतीच. तुझे काका आहेत. रोज संध्याकाळी गल्लीत कोणीतरी त्यांना विचारत असेल, काय हो, टीव्हीवर रडलात म्हणे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून साथ केली त्याला पहिल्यांदा लोकांनी ओळखलं ते रडका म्हणून.

म्हणून ऑफरला उत्तर द्यायच्या आधी हे कर, पंधरा दिवसांची मुदत माग, देतात, न देणाऱ्यांकडे जाऊच नये. पहिला फोन काकांना, सुनेला नाही, काकांना. सरळ सांग की माझ्याकडून चुकलं, तुम्ही रडला नव्हतात, मी तसं दाखवलं. ते बहुतेक "जाऊ द्या हो" म्हणतील, त्या पिढीतले सगळे म्हणतात, त्यावर लगेच सुटका झाली असं समजू नकोस. मग साहेबांकडे जा, आणि जाताना तक्रार नको, नवा कट घेऊन जा, कारण "ती क्लिप काढू या" म्हटलं की व्ह्यूज दिसतात आणि कोणाचा जीव होत नाही, पण "ती बदलून ही लावू या, कुटुंबाकडून फोन आलाय" म्हटलं की निर्णय सोपा होतो. जुनी पोस्ट काढून नवी टाकताना वर एक ओळ लिहा, आधीच्या क्लिपमध्ये शॉट्सचा क्रम बदलल्यामुळे चुकीचा अर्थ निघत होता. बास, एवढंच. साहेबांनी साफ नाही म्हटलं तर मात्र तुला ऑफरबद्दल फार विचार करायला लागणार नाही, उत्तर तिथेच मिळालं. आणि हो म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

नवा कट काय करायचा ते तुझ्याच पत्रात आहे. तू लिहितोस की मुलाखतभर काका बोलत होते तेव्हा समोर पेटी नव्हती तरी त्यांचा उजवा पाय खाली-वर होत होता, भाता मारल्यासारखा, आणि कॅमेरामनने गंमत म्हणून तो शॉट घेऊन ठेवलाय. अरे, हे तू दोन सोयाबीनच्या तक्रारींच्या मध्ये लिहून पुढे गेलास! त्या पायावर उघड. चेहरा नको, फक्त चप्पल काढून ठेवलेला पाय आणि सिमेंटची फरशी, वर त्यांचा आवाज. बारा सेकंद तरी राहू दे, कट करायला हात शिवशिवेल, करू नकोस.